रिकाम्या शेडमधली टाळी

बंद पडलेल्या एखाद्या गोदामात चित्रपटवाला माणूस शिरला, की तो आधी वर बघतो. छप्पर किती उंच आहे? मध्ये खांब किती? मग शेडच्या मधोमध उभा राहून तो एक जोराची टाळी वाजवतो आणि कान देतो. टाळी भिंतींवर आपटून किती वेळ घुमते, रस्त्यावरच्या ट्रकचा हॉर्न आत कितपत येतो, पत्र्यावर कबुतरं किती नाचतात, हे सगळं त्या एका टाळीत कळतं. मग तो विजेचा मीटर शोधतो, मोठी गाडी आत वळेल का ते बघतो. शेवटचा प्रश्न मात्र शेडला विचारायचा नसतो. तो सोबत आलेल्या अधिकाऱ्याला असतो: इथं पैसा खर्च केला, तर सरकार त्यातलं परत काय देणार?

जगात गेल्या तीसेक वर्षांत विमानतळ, लष्करी छावण्या, जहाजबांधणीचे कारखाने, बाटल्या भरायच्या शेड अशा कितीतरी रिकाम्या वास्तू चित्रपटांचे स्टुडिओ झाल्या. त्यांतल्या बऱ्याच जागांमागे हाच शेवटचा प्रश्न होता. आणि महाराष्ट्रात अशा वास्तू असूनही तसं फारसं घडलं नाही, त्याचं कारणही याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

हा प्रश्न मुंबईतून बघण्यापेक्षा कळमनुरीतून बघितलेला बरा. हिंगोलीहून नांदेडकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर हे तालुक्याचं गाव लागतं. नगरपरिषद, तहसील, मोंढा, बसस्थानक, आठवडी बाजार. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावाला असतं ते सगळं इथं आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून नव्या कचेऱ्या आल्या. नव्या कचेऱ्या आल्या की जुन्यांना कुलूप लागतं, हा सरकारी बांधकामाचा साधा नियम. त्यात मराठवाड्याचा कापूस. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा गावोगावच्या जिनिंगमध्ये गाड्यांच्या रांगा लागायच्या. योजना गेली, पीक बदललं, कापसाच्या रानात सोयाबीन आलं, आणि कितीतरी जिनिंगच्या शेड नुसत्या उभ्या राहिल्या. लांब, उंच, कोरड्या.

अशा शेडचं काय करायचं, हा प्रश्न कळमनुरीसारख्या प्रत्येक गावाचा आहे.

उसन्या घरातला सिनेमा

आपला सिनेमा जन्मला तोच मुळी दुसऱ्याच्या घरात. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी स्टुडिओ बांधला नव्हता. दादरला राहत्या बंगल्यातच त्यांनी कार्यशाळा थाटली, तिथंच फिल्म धुतली, जोडली. ३ मे १९१३ रोजी तो चित्रपट मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. पुढे वाडिया मुव्हीटोननं परळच्या भागातल्या लवजी कॅसल या वाडिया घराण्याच्या जुन्या प्रासादात स्टुडिओ उभा केला. जिथं एके काळी जहाजं बांधणाऱ्या कुटुंबाच्या मेजवान्या झडत, तिथं १९३०च्या दशकात ‘हंटरवाली’ नाडिया चाबूक फिरवू लागली. १९४२ साली व्ही. शांताराम प्रभात फिल्म कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी तीच जागा घेऊन राजकमल कलामंदिर सुरू केलं. प्रासादाचा स्टुडिओ, त्या स्टुडिओचा दुसरा स्टुडिओ.

मूकपटांना जागा कुठलीही चालायची. बोलपट आले आणि शांतता हा मालमत्तेचा गुण ठरला. १९३१च्या ‘आलम आरा’चं चित्रीकरण रात्री उशिरा करावं लागे, कारण स्टुडिओ रेल्वेमार्गाला खेटून होता. गाड्या थांबल्या की माणसं बोलायची. टाळी वाजवून शेड पारखण्याची गरज तेव्हापासून लागली.

उलटा प्रवासही महाराष्ट्रानं पाहिला आहे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्याला आली आणि गावाबाहेरच्या माळावर तिनं भव्य स्टुडिओ बांधला. १९५०च्या दशकात कंपनी बंद पडली. कुठल्याही बिल्डरच्या तोंडाला पाणी सुटावं अशी ती जागा, पण केंद्र सरकारनं ती घेतली आणि १९६० साली तिथं चित्रपटशिक्षणाची संस्था उघडली, आजची एफटीआयआय. ‘संत तुकाराम’ जिथं घडला, त्या जुन्या फ्लोअरवर विद्यार्थी आजही दिवे लावतात. वास्तू वाचली, कारण तिच्यात रोज काम करणारी माणसं राहिली.

गोव्यातही सरकारी इमारतीला असाच दुसरा जन्म मिळाला. पणजीत मांडवीच्या काठावर असलेल्या माकिनेझ प्रासादाच्या परिसरात १८४२पासून वैद्यकीय शिक्षण चालायचं. वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला गेलं आणि जुन्या इमारती रिकाम्या झाल्या. २००४ साली भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी, गोव्यात आला आणि हाच परिसर त्याचं घर ठरला. आवारात मल्टिप्लेक्स उभं राहिलं. जिथं रुग्ण नंबराची वाट पाहत बसायचे, तिथं आता तिकिटांची रांग लागते. पण इथं सिनेमा दाखवला जातो, बनवला जात नाही. हा फरक छोटा नाही.

लोकेशन वेगळं, स्टुडिओ वेगळा

मुंबईच्या कुलाब्यातली मुकेश मिल १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. समुद्राच्या काठावर काळवंडलेल्या भिंती, छप्पर उडालेलं, खिडक्यांतून उगवलेले पिंपळ. खलनायकाच्या अड्ड्यासाठी यापेक्षा चांगली जागा कुठली? ‘हम’मधलं ‘जुम्मा चुम्मा’ इथंच चित्रित झालं. नंतर जाहिराती, संगीताचे व्हिडिओ, मारामाऱ्या, भुताचे चित्रपट यांची रीघ लागली. पण चाळीस वर्षं चित्रीकरण होऊनही मुकेश मिल स्टुडिओ झाली नाही. ती पडकी आहे म्हणूनच तिला मागणी आहे. डागडुजी केली तर तिचं भाडं जाईल.

रायगड जिल्ह्यातलं आपटा हे रेल्वे स्थानकही असंच. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चा धावत्या गाडीचा शेवट इथं घेतला गेला. रेल्वे अशा चित्रीकरणाचं शुल्क घेते, सकाळी युनिट येतं, संध्याकाळी पॅकअप होतं, फलाट पुन्हा प्रवाशांचा. कोल्हापूरजवळच्या वसगडे गावातला वाडा ‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेमुळे इतका ओळखीचा झाला की लोक तो बघायला गाड्या करून येऊ लागले.

हे सगळं लोकेशन. लोकेशनला चेहरा लागतो. स्टुडिओला चेहरा नसलेला चांगला. त्याला हवी असते एक मोठी, मुकी, काळोखी पेटी, जिच्यात आज न्यायालय, उद्या चाळ आणि परवा चंद्र उभा करता येईल. छताला दिवे टांगायचे म्हणून उंची हवी. कॅमेरा फिरवायचा म्हणून मध्ये खांब नको. पावसाळ्यात पत्रा वाजतो म्हणून आवाज अडवणारा थर हवा. वातानुकूलन हवं, पण त्याची घरघर नको. आणि वीज भरपूर हवी, नाही तर जनरेटर व्हॅनचं डिझेल नफा पिऊन टाकतं. कारखाने आणि विमानांच्या हँगरमध्ये यातल्या पहिल्या दोन गोष्टी फुकट मिळतात, बाकीच्या पैसे घालून करता येतात. नवा स्टुडिओ बांधण्यातला मोठा खर्च आणि वेळ तिथं वाचतो.

विमानं गेली, कॅमेरे आले

इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेला लीव्हस्डन इथं दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानं बनत होती. नंतर तिथं रोल्स-रॉइसचा इंजिनांचा कारखाना आला, तोही बंद झाला. १९९४ साली जेम्स बाँडच्या ‘गोल्डनआय’च्या निर्मात्यांना नेहमीच्या स्टुडिओत जागा मिळेना, म्हणून त्यांनी हा रिकामा कारखाना भाड्यानं घेतला. काही वर्षांनी तिथंच हॅरी पॉटरची शाळा उभी राहिली आणि दहा वर्षं तिथंच राहिली. २०१० साली वॉर्नर ब्रदर्सनं जागा विकतच घेतली.

अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराचा जुना विमानतळ १९९९ साली बंद झाला. विमानतळ नगरपालिकेचा, म्हणजे लोकांचा. स्थानिक फिल्म सोसायटीनं शहराकडे हँगर मागितले, शहरानं ते भाडेपट्ट्यानं दिले, आणि २००० साली ऑस्टिन स्टुडिओज सुरू झाला. ब्रिस्टलमध्ये वाइनच्या बाटल्या भरायची जागा नगर परिषदेनं २०१० साली ‘बॉटल यार्ड’ म्हणून चालवायला घेतली. बेलफास्टमध्ये ज्या कंपनीनं टायटॅनिक बांधलं, तिच्या आवारातल्या जहाजांचे भाग रंगवायच्या अवाढव्य शेडमध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची सिंहासनं सजली. अटलांटामधली फोर्ट मॅकफर्सन ही लष्करी छावणी २०११ साली बंद झाली. टायलर पेरी या अभिनेता-निर्मात्यानं २०१५ साली तिथली सुमारे ३३० एकर जागा घेतली आणि २०१९ साली तिथं आपला स्टुडिओ थाटात उघडला.

या यादीतली बहुतेक गावं चित्रपटांसाठी प्रसिद्ध नव्हती. मग मोठे निर्माते तिथं का गेले? ब्रिटननं २००७पासून चित्रपटाच्या देशांतर्गत खर्चाचा ठरावीक भाग परत द्यायला सुरुवात केली. जॉर्जिया राज्यानं, म्हणजे अटलांटा ज्यात आहे त्यानं, २००८ साली नियम केला: राज्यात केलेल्या खर्चावर २० टक्के करसवलत, आणि चित्रपटाच्या शेवटी राज्याचं पीचच्या फळाचं बोधचिन्ह दाखवलं तर आणखी १० टक्के.

इथं एक गंमत आहे. बाहेरून आलेल्या निर्मात्याला जॉर्जियात फारसा कर भरायचाच नसतो, मग सवलत घेऊन तो करणार काय? तो ती विकतो. समजा, त्यानं १०० रुपये खर्च केले आणि त्याला ३० रुपयांची सवलत मिळाली. ज्या स्थानिक कंपनीला मोठा कर भरायचा आहे, ती हे ३० रुपयांचं प्रमाणपत्र थोडं स्वस्तात घेते. निर्मात्याला रोख मिळते, कंपनीचा कर कमी होतो, आणि सरकारी तिजोरीतून तेवढी रक्कम जाते. त्या बदल्यात राज्याला मिळतात सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन, शिंपी, ड्रायव्हर, जेवण पुरवणारे यांचे पगार. सवलत चित्रपट चालला की पडला यावर नाही, खर्च कुठं झाला यावर ठरते. म्हणूनच निर्माता त्या राज्यात शेड शोधत फिरतो.

याचं नुकसानही मोठं असू शकतं. मिशिगन राज्यानं २००८ साली ४२ टक्क्यांपर्यंत सवलत देऊ केली. मोटारींचे कारखाने बंद पडत होते, त्यांच्या जागी कॅमेरे येतील अशी आशा होती. पाँटिअॅक गावात जनरल मोटर्सच्या जुन्या वास्तूत मोठा स्टुडिओ उभा राहिला. त्याच्या कर्जरोख्यांना राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीची हमी होती. पण सरकार बदललं, सवलतीवर मर्यादा आली, कामं आटली. २०१२ साली स्टुडिओनं कर्जाचा हप्ता थकवला आणि भार निवृत्तिवेतन निधीवर आला. २०१५ साली मिशिगननं ही योजनाच बंद केली. सवलतीच्या मागे आलेले निर्माते सवलतीच्या मागेच दुसऱ्या राज्यात गेले.

आपली सवलत तिकीटबारीवर

आता महाराष्ट्र. इथं करसवलत नव्हती असं मुळीच नाही. १९२३च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात करमणूक शुल्क आलं आणि पुढची नव्वदहून अधिक वर्षं सिनेमाच्या तिकिटातला मोठा हिस्सा सरकारकडे जात राहिला. १९७०च्या दशकात मराठी चित्रपटासाठी करपरतावा योजना आली. प्रेक्षकांनी भरलेला करमणूक कर निर्मात्याला परत मिळायचा, पण त्यानं पुढचा मराठी चित्रपट काढायचा, ही अट. अट शहाणपणाची होती. तिनं पैसा मराठी चित्रपटातच फिरता ठेवला. नंतर थेट अनुदान आलं. चित्रपट पूर्ण झाल्यावर समिती तो बघते, दर्जा ठरवते, आणि दर्जानुसार रक्कम देते. अनेक वर्षं ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख असा हिशेब होता.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विरघळला. त्यानंतर ‘करमुक्त’ या शब्दाचा अर्थही बदलला. जानेवारी २०२०मध्ये राज्य सरकारनं ‘तान्हाजी’ करमुक्त केला, तेव्हा सरकारला सोडता आला तो जीएसटीतला फक्त राज्याचा वाटा.

या सगळ्या योजनांमध्ये एक गोष्ट समान आहे. सवलत पूर्ण झालेल्या चित्रपटाला मिळते: त्याच्या तिकिटाला, भाषेला किंवा दर्जाला. तो चित्रपट मुंबईत काढला की कळमनुरीत, बंद शेड भाड्यानं घेऊन काढला की नव्या बंगल्यात, गावातल्या सुताराला काम दिलं की बाहेरून माणसं आणली, यानं रकमेत मोठा फरक पडत नाही. मग निर्मात्यानं कळमनुरीची शेड कशाला शोधावी?

केंद्रानं मात्र परदेशी चित्रपटांसाठी खर्चाशी जोडलेली सवलत आणली. २०२२ साली भारतातल्या पात्र खर्चाच्या ३० टक्के, कमाल २ कोटी रुपये, अशी घोषणा झाली. रक्कम फारच लहान होती. नोव्हेंबर २०२३मध्ये ती ४० टक्के आणि कमाल ३० कोटी करण्यात आली. परदेशी पाहुण्याला जे तत्त्व लागू होतं, ते घरच्या माणसाला लागू करायला अडचण काय, हा प्रश्न महाराष्ट्रानं स्वतःला विचारायला हवा.

कोल्हापूरचा धडा

नुसती वास्तू पुरत नाही, हे कोल्हापूरइतकं कुणाला कळलेलं नाही. बाबूराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, स्वदेशी कॅमेरा बनवला. छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयानं कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली, तीच पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ झाली. गांधीहत्येनंतर उसळलेल्या १९४८च्या जाळपोळीत तो जळाला, भालजींनी पुन्हा उभा केला. अशा शहराच्या बाहेर, मोरेवाडीच्या माळावर, १९८०च्या दशकात सरकारी चित्रनगरी आली. जमीन भरपूर, नाव मोठं. पण कामं मुंबईला, तंत्रज्ञ मुंबईला, आणि कोल्हापुरात चित्रीकरण करण्यासाठी वेगळा आर्थिक फायदा काहीच नाही. चित्रनगरी वर्षानुवर्षं ओस पडली. चित्रपटांसाठीच बांधलेली सार्वजनिक जागा स्वतःच पडीक झाली.

तिला पुन्हा हालचाल आली ती गेल्या दशकात, सरकारनं दुरुस्तीला पैसे दिल्यावर आणि मालिकांचं काम वाढल्यावर. मालिकेला महिन्यामागून महिने तोच वाडा, तेच देऊळ लागतं. ‘दख्खनचा राजा जोतिबा’ या मालिकेचा सेट इथं लागला. मालिका गावात मुक्कामाला आली की सुतारापासून मेसवाल्यापर्यंत सगळ्यांचा महिना ठरतो. चित्रपटाचं युनिट वीस दिवसांत निघून जातं.

एप्रिल २०२१मध्ये करोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं, तेव्हा अनेक मराठी मालिका रातोरात गोव्याला गेल्या. मे महिन्यात गोव्यानं परवानगी काढून घेतली आणि त्यांनी पुन्हा बॅगा भरल्या. कुठं परवानगी आहे आणि कुठं परवडतं, एवढं बघून युनिट हलतं. कुठल्याही गावाशी त्याचं नातं नसतं. नातं जोडायचं तर तिथं त्याला लागणारी माणसं असावी लागतात.

कळमनुरीच्या शेडचं काय?

कळमनुरीच्या आसपास दाखवण्यासारखं कमी नाही. औंढा नागनाथचं कोरीव मंदिर, नर्सीचा नामदेवांचा परिसर, पैनगंगेवरचं इसापूर धरण, कयाधूचं खोरं, हळदीची शेतं. पण ही सगळी लोकेशनं. चार दिवस येऊन युनिट निघून जाईल. तालुक्यातली रिकामी शेड वर्षभर चालायची असेल, तर तिला सुरुवातीला मोठ्या चित्रपटाची गरजच नाही. वेब मालिका, जाहिराती, लघुपट, शेतीविषयक कार्यक्रम, आवाजाचं मुद्रण यांनी सुरुवात होऊ शकते. मराठवाड्याची बोली बोलणारे कलाकार मुंबईला बोलवायचे आणि मराठवाड्याचा वाडा गोरेगावात प्लायवूडचा करायचा, हा उलटा खर्च वाचू शकतो.

त्यासाठी राज्यानं एक छोटा बदल करायला हवा. अनुदानाचा काही भाग चित्रपट कुठं घडला आणि तिथल्या किती लोकांना काम मिळालं याला जोडावा. मुंबईपासून जितकं दूर तितका वाटा जास्त. सरकारी शेड भाड्यानं द्यायची तर ती पाच-दहा वर्षांसाठी द्यावी, म्हणजे घेणारा भिंतींवर पैसे घालील. आणि सवलतीची कमाल मर्यादा पहिल्या दिवशीच लिहून ठेवावी. मिशिगनसारखा पेन्शनवाल्यांचा पैसा हमीला ठेवायची वेळ येऊ नये.

नगरपरिषदेला मात्र मुंबईच्या निर्णयाची वाट बघायची गरज नाही. गावातल्या प्रत्येक बंद सार्वजनिक वास्तूची लांबी, रुंदी, छताची उंची, खांबांची संख्या, विजेचा भार आणि जवळच्या रस्त्याची रुंदी एका कागदावर मांडता येते. सोबत गावातले सुतार, वेल्डर, मंडपवाले, साउंडवाले यांची यादी जोडता येते. ती यादी राज्याच्या चित्रपट महामंडळाकडे आणि पुण्या-मुंबईच्या निर्मात्यांकडे पाठवायला टपालखर्चाहून जास्त काही लागत नाही. वाचकांपैकी कुणी कळमनुरीचा असेल, किंवा कळमनुरीसारख्या दुसऱ्या कुठल्या गावाचा, तर त्यानं पुढच्या सुटीत टेप घेऊन गावातल्या एखाद्या बंद शेडमध्ये जावं, मोजमाप घ्यावं, आणि बाहेर पडण्यापूर्वी एक टाळी जरूर वाजवावी.